पान ३१ वरचे चार फोटो

३ मे, शनिवार

जे झालं ते क्रमाने. मत नंतर.

१. २२ एप्रिल, मंगळवार. ऑफिसच्या कामासाठी तळवलीमागच्या डोंगरावर गेले. बंद पडलेल्या दगडखाणीच्या वरचा उतार. तिथे गोदामं आणि त्यांच्यापर्यंत रस्ता व्हायचा आहे. पर्यावरण अहवाल आमच्या ऑफिसकडे.
२. सकाळी ८.१० ते १०.४०. चार बिंदू ठरवले, प्रत्येक बिंदूवरून एक फोटो. कॅमेरा ऑफिसचा, ट्रायपॉडवर, जमिनीपासून दीड मीटर. दिशा होकायंत्राने नोंदवली.
३. २३ तारखेला फाइल अहवाल लिहिणाऱ्या पाटणकर सरांना दिली. सोबत एक ओळ: "फोटो कोरड्या हंगामातले आहेत, पावसाळ्यात पुन्हा पाहणी आवश्यक."
४. काल अहवालाचा मसुदा पाहिला. पान ३१. माझे चार फोटो. खाली वाक्य: "जागा ओसाड व खडकाळ असून नोंद घेण्याजोगी वनस्पती आढळली नाही."
५. माझी ओळ कुठेच नाही. फोटोंखाली तारीखही नाही.
६. पानाच्या तळाशी: "क्षेत्र-पाहणी व छायाचित्रे: मृणाल शितोळे."
७. वाक्य माझं नाही. नाव माझं आहे.

फोटोंत काहीही खोटं नाही. उघडा दगड, पिवळं गवत, वाळक्या काटक्या. त्या दिवशी तसंच होतं. खोटं कोणी बोललेलंच नाही, त्यामुळे भांडायला धरायचं कुठे हेच कळत नाही.

५ मे, सोमवार

पा. सरांच्या केबिनमध्ये अकरा मिनिटं.

"एप्रिलमध्ये एप्रिलच दिसणार, शितोळे."

"मग फोटोखाली एप्रिल लिहा, सर."

"लिहून काय होणार? पावसात तिथे काही उगवतं, हे तुला कसं माहीत? पाहिलंयस?"

नाही. तीन वर्षं मी रानफुलांचे फोटो काढते, पण खारघरच्या बाजूला. या उताराचा पावसातला माझ्याकडे एकही फोटो नाही. तसं सांगितलं.

"बघ. अंतिम अहवाल १५ डिसेंबरला जाणार. तोपर्यंत पुरावा आण, बदलू. पण ऑफिसच्या वेळेत नाही. आणि ऑफिसचा कॅमेरा नाही."

हसून बोलले. मी नाही आणणार अशी खात्री होती.

पावसाळा धरून रविवार मोजले. पुरेसे आहेत.

११ मे, रविवार

बाबांना सांगितलं. बाबा बावीस वर्षं एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर आहेत. पहाटे जातात, दुपारी येतात, जेवतात, झोपतात. सल्ला देत नाहीत. आज कांदा चिरता चिरता म्हणाले, "सराईत गिऱ्हाईक गोणीचं तोंड बघत नाही गं. मधून उसवायला सांगतं. तोंडाशी काय, कुणीही चांगला कांदा लावतं."

"इथे उलट आहे. तोंडाशी वाईट लावलंय."

"मग तू मधून उसव."

बास. मग दिवसभर तो विषय नाही.

माझा कॅमेरा सेकंडहँड. ऑफिसची लेन्स २४ ची, माझी ३५ ची, तिच्यात कमी रुंद दिसतं. एप्रिलची चौकट एका फोटोत मावणार नाही. मागे सरकले तर पुढचा दगड आणि मागची कडा यांचं प्रमाण बदलेल, आणि पा. सर नेमकं तेच बोट ठेवून दाखवतील. म्हणून जागा तीच, उंची तीच. दर वेळी तीन उभे फोटो, नंतर जोडायचे.

१ जून, रविवार

पहिली फेरी. घणसोली स्टेशनवरून रिक्षा, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून चढ. खाणीपर्यंत ३५ मिनिटं.

कुडा फुललाय, एकाच कोपऱ्यात. बाकी एप्रिलसारखंच.

गवत वाढलं की बिंदू सापडणार नाहीत. म्हणून प्रत्येक बिंदूवर बांबूची खुंटी ठोकली, वर लाल रिबन. चार खुंट्या. फोनवर जागेचं रीडिंग घेतलं, चूक अधिक-उणे चार मीटर.

१५ जून, रविवार

चारही खुंट्या गायब. भोकं मातीने बुजवलेली, वरून पायाने दाबलेली. वाऱ्याने असं होत नाही.

बिंदू ३ जवळ एक बाई खाली वाकून काहीतरी उपटत होती. साठीच्या आसपास. कमरेला ओटीसारखी फडक्याची झोळी, तिच्यात शेवळं, पहिल्या पावसातली रानभाजी. लांब, जांभळट, सापाच्या फण्यासारखी. मला बघून सरळ झाली.

"त्या काट्या तुज्या व्हत्या?"

"हो. तुम्ही काढल्यात?"

"मंग काय, आरती करू त्यांची?"

मी म्हटलं, मी जमीन मोजायला आलेले नाही, फोटो काढते. त्यावर ती: "ते पन तसंच बोललं व्हतं. फकस्त मापतो, बाय, घाबरू नका. माज्या सासऱ्याच्या शेतात अशीच लाल चिंधी बांधली. आज तितं टावर हाय, चवदा माल्यांचा. लिफ हाय, पानी हाय, स्विमिंग हाय. आमी नाय."

मग: "कोनाची तू? कुटल्या हापिसाची?"

हापिसाचं नाव सांगितलं. सांगायला नको होतं. झोळी सावरून उतरायला लागली. जाताना मागे न बघता: "पुन्ना मारलीस ना, तर तुज्याच रिबनीनं बांधून ठेवीन."

१६ जून, सोमवार

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात: खुंटी लांबून दिसली पाहिजे. दिसली.

या भागात शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना लाल रिबन म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं. मी नेरूळला वाढले. सारसोळ्याच्या, जमिनी गेलेल्या घरांतल्या मुली माझ्या वर्गात होत्या. चूक माझी, खुंट्यांची नाही.

२२ जून, रविवार

मथुराबाई. त्याच बाईचं नाव, आज विचारलं. त्यांनी माझं विचारलं नाही, "गो बाय" वरच भागवतात. मी मावशी म्हणते.

आधी माफी मागितली. एका वाक्यात. मग पान ३१ फोनवर उघडून वाचून दाखवलं.

"ओसाड म्हंजे?"

"जिथे काही उगवत नाही ते."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग झोळीकडे. "मंग मी चालीस वरसं काय दगडं शिजवतंय?"

हे पान ३१ वर छापायला हवं.

मग बिंदूंचा प्रश्न सांगितला, की नेमक्या त्याच जागी उभं राहावं लागतं. म्हणाल्या, "त्यात काय हाय? मीच उपटल्या ना." आणि चालायला लागल्या. पहिली फुटक्या धोंड्याच्या उजवीकडे, दोन हात. दुसरी पान्याच्या वघळीच्या वर. तिसरी करवंदीच्या जाळीशी. चौथी खाली, खाणीच्या काठाला, "तितं माजा पाय घसरला व्हता, तुज्या नावानं शिव्या घातल्या."

पडताळलं. एप्रिलचा फोटो फोनवर अर्धपारदर्शक करून कॅमेऱ्याच्या चौकटीवर धरला. मागचा हाय-टेन्शनचा खांब आणि खाणीची कडा जुळवली. फोनची चूक चार मीटर. मथुराबाईंची, एक वीत.

"आता खुंटी नको," म्हणाल्या. "धोंड्यावर धोंडा ठेव. धोंड्याला कोन भित नाय."

चार ठिकाणी तीन-तीन दगड रचले. शेवळांची एक जुडी दिली. कशी करायची ते सांगत होत्या, माझं लक्ष कॅमेऱ्यात.

२३ जून, सोमवार

रात्री बाबांनी आणि मी शेवळं केली. काकडं नावाचं आंबट फळ घालावं लागतं, नाहीतर घशाला खाजतं. मावशींनी हेच सांगितलं असणार. आम्ही नाही घातलं. दोघंही तास-दीड तास गुळण्या करत.

बाबा: "तुझ्या साहेबाला डब्यात दे. ओसाड आहे का विचार."

६ जुलै, रविवार

बिं. १: काळी मुसळी. जमिनीला चिकटून पिवळी चांदणी, रुपयाएवढी. एकोणीस मोजली. एप्रिलमध्ये ट्रायपॉडचा डावा पाय याच जागी होता. दगडावर त्याचा ओरखडा अजून आहे.

बिं. २: कुळीची पांढरी फुलं, दांड्यावर एकाखाली एक. मावशी फुलं यायच्या आधीच पानं खुडून नेतात, "फुललेली कडू".

बिं. ३ धुक्यात. चाळीस मिनिटं थांबले. धुकं हललं नाही. फोटो तसाच घेतला, पांढरा. वगळणार नाही. ज्या रविवारी जे दिसलं ते.

लेन्सवर आतून बाष्प. पुढच्या वेळी कॅमेरा अर्धा तास आधी पिशवीतून बाहेर काढायचा.

२० जुलै, रविवार

पायवाटेवर नवी तार आणि गेट. बोर्ड: खाजगी मालमत्ता. पत्र्याच्या शेडमध्ये वॉचमन.

"मॅडम, फोटो अलाउड नहीं है."

बॅगेतून ऑफिसचं पत्र काढलं. २१ एप्रिलचं. "सदर जागेची पाहणी व छायाचित्रण करण्यास परवानगी", खाली जागामालकाच्या माणसाची सही-शिक्का. मुदत: अहवाल पूर्ण होईपर्यंत.

अहवाल पूर्ण झालेला नाही.

त्याने फोन लावला, पलीकडे कोणी उचलला नाही. पत्राचा फोटो काढून ठेवला, गेट उघडलं. मथुराबाई माझ्या मागोमाग आत. त्याने विचारलं, "और ये?" मी काही बोलायच्या आत मावशी: "मी तिची असिस्टन हाय."

वर गेल्यावर म्हणाल्या, "चालीस वरसांत पहिल्यांदा गेटातून आले. बाकी वाट तिकून हाय, करवंदीतून."

३ ऑगस्ट, रविवार

बिं. २ च्या चौकटीत आज फुललेले प्रकार: १४. त्यातले नाव माहीत असलेले ९. तेरडा सगळीकडे, गुलाबी. ओल्या दगडावर सीतेची आसवं, निळी, तांदळाएवढी. कळलावी एक, करवंदीवर चढलेली.

ज्यांची नावं माहीत नाहीत ती "अज्ञात १" ते "अज्ञात ५". मावशींना पाचांपैकी चार माहीत. त्यांची नावं आणि पुस्तकातली नावं जुळत नाहीत. वहीत दोन वेगळे रकाने केले. एकाने दुसरा खोडायचा नाही.

पाचव्याला त्या म्हणाल्या, "त्याला नाव नाय. ते खात नाय कोन."

११ ऑगस्ट, सोमवार

पा. सरांनी बोलावलं. वॉचमनने काढलेला पत्राचा फोटो तीन जणांमार्फत त्यांच्यापर्यंत पोचला.

"तू खरंच जातेस?"

"पुरावा आणायला तुम्ही सांगितलंत."

मग नाशिकचं काम देऊ केलं. सहा महिने, साइट इन-चार्ज, गाडी. "तुझ्या वयात हे मिळत नाही. परवा निघ."

"डिसेंबरनंतर जाईन, सर."

"डिसेंबरनंतर ते नसेल."

"ठीक आहे."

संध्याकाळी त्या कामावर सुहासचं नाव लागलं. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. चांगला मुलगा आहे. पेढे वाटले. मी घेतला.

३१ ऑगस्ट, रविवार

कवळा फुलला.

उताराचा वरचा अर्धा भाग पिवळा. एप्रिलमध्ये ज्याला "खडकाळ" म्हटलंय तो नेमका तोच भाग. बिं. १ ते ३, तिन्ही चौकटी. जोडलेल्या फोटोत दगड शोधावा लागतो.

चौकटींचं काम सव्वादहाला संपलं. नंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी फोटो काढले. पोटावर आडवी, कोपर चिखलात, डोळा फुलाच्या पातळीला. मागे खाली खाडी, तिच्याआधी टॉवर, सगळं धूसर. सहा फोटो जमले. फार चांगले आहेत.

मावशी वरून: "झोपलीस का गो? नवरा केला नाय म्हनून फुलांशी बोलतेस?"

"बोलत नाही. बघते."

"तेच ते."

त्यांचा फोटो घेऊ का विचारलं. चेहरा झाकला पदराने. "माजा नको. एकदा जमिनीच्या कागदावर लावला व्हता, अंगठ्याच्या बाजूला." मग हात पुढे केले, टाकळ्याच्या पाल्याने भरलेले. "हे काढ. हे कोनाला वलखू येत नाय."

काढला.

२१ सप्टेंबर, रविवार

बिं. ४ संपला.

रात्रीत कोणीतरी डंपर रिकामे केलेत. फरशांचे तुकडे, प्लास्टर, एक तुटकं कमोड. खाणीच्या काठावरून बिं. ४ पर्यंत. तीन दगड खाली कुठेतरी. वॉचमनला विचारलं. "मैं तो दिन का हूँ."

मी राडारोड्यावर उभी राहिले. मूळ जमिनीपासून अंदाजे एक मीटर दहा सेंटिमीटर वर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घेतले, लेन्स दीड मीटरवर आणायला तेवढं पुरेसं. दिशा तीच. फोटो घेतला. चौकटीचा खालचा अर्धा भाग आता फरशी. वरच्या अर्ध्यात तेरडा आहेच.

मावशी कमोडकडे बोट दाखवून: "आता तुजा सायेब येऊन बसंल, तवा त्याला दिसंल समदं."

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या. मी मोजलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कुर्डू. गुलाबी-पांढरे तुरे, कमरेइतके. गवत खालून पिवळं पडायला लागलंय. बिं. २ मध्ये फुललेले प्रकार: ६. कमी होत जाणार. तेही नोंदवायचं आहे. फक्त भरलेली चौकट दाखवली तर मी पा. सरांच्या उलट बाजूने तेच करेन.

२ नोव्हेंबर, रविवार

जवळजवळ एप्रिल. गवत वाळलं, दगड वर आले. शेवटची फेरी. मावशी आज नाहीत. या दिवसांत वर काही खायला मिळत नाही.

फोटो घेऊन दगडावर बसले. कोणी आज पहिल्यांदा इथे आलं तर तेही ओसाड लिहील. प्रामाणिकपणे लिहील. पा. सरांचा राग जरा कमी झाला. मग आठवलं की माझी ओळ त्यांनी वाचली होती आणि मग गाळली होती. पुन्हा होता तेवढा झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

जोडणी संपली. चार पानं, प्रत्येक बिंदूचं एक. वर एप्रिलचा फोटो, त्याखाली जून ते नोव्हेंबर, महिन्याला एक. सगळ्यांवर तारीख, वेळ, दिशा, उंची. एप्रिलचा काढला नाही. तो नसता तर बाकीच्यांना अर्थ नाही. जुलैचा धुक्यातला पांढरा फोटोही आहे, बिं. ३ वर, त्याच्या जागी. बिं. ४ वर सप्टेंबरपासून फरशी.

पाचवं पान: नावांचे दोन रकाने.

शेवटी ३१ ऑगस्टचे सहा फोटो जोडले. गरज नव्हती. चांगले होते म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पा. सरांनी फाइल माझ्यासमोर उघडली. बिंदूंची चार पानं सरळ पुढे. नावांचं पान पुढे. सहा फोटोंवर थांबले. चष्मा काढला.

"हे तू काढलेस?"

"हो."

"शितोळे, हे भन्नाट आहे. आपण कॅलेंडर करू. नव्या वर्षाचं, कंपनीचं. सहा पानं, दोन-दोन महिने. ग्राहकालाही देऊ, त्यांना गोदामाच्या माहितीपत्रकात असलं काहीतरी हवंच आहे. निसर्गाच्या सान्निध्यात वगैरे. खाली तुझं नाव मोठ्या अक्षरात."

मी विचारलं, "आणि पान ३१?"

"ते वेगळं."

"तोच उतार आहे, सर."

"अगं, कॅलेंडर लोक बघतात. पान ३१ कोण बघतं?"

म्हणजे ही फुलं त्यांना दिसतात. भिंतीवर चालतात. अहवालात आढळत नाहीत.

कॅलेंडरला नाही म्हटलं. "विचार कर," म्हणाले. केला आहे, म्हटलं. ते सहा फोटो फाइलला जोडायला नको होते. चांगला फोटो पुराव्याच्या शेजारी ठेवला की लोक पुरावा बघत नाहीत. ही दुसरी चूक. पहिली लाल रिबनची.

२३ नोव्हेंबर, रविवार

काम नव्हतं, तरी गेले. मावशींना त्यांच्या दारात गाठलं, तळवलीत, दोन इमारतींच्या मधल्या बोळात. कॅलेंडरचं सांगितलं. त्यांना राग येईल वाटलं होतं. "माजे हात बी छापनार व्हते का?" विचारलं.

"ते मी दिलेच नव्हते त्यांना."

"बरं केलंस."

मग पहार घेतली आणि म्हणाल्या, चल. बिं. १. फुटक्या धोंड्याच्या उजवीकडे, दोन हात. सुकलेलं गवत, कडक माती, हिरवं काही नाही. पहारीने वीतभर खणलं. आत काळी मुसळीचा कंद. काळपट, बोटाएवढा, जिवंत. नखाने खरवडलं तर आत पांढरा.

"घे फोटो. सायबाला सांग, ओसाड बोलन्याच्या आदी खनून बग. वरून काय बगतंस?"

फोटो घेतला. शेजारी पट्टी ठेवली, दहा सेंटिमीटर. मावशींनी कंद परत ठेवला, माती लोटली, पायाने दाबली. जून महिन्यात माझ्या खुंट्यांची भोकं बुजवली होती तशीच.

उतरताना: "पुढच्या पावसाला येनार ना?"

"येणार. इथे काही उरलं तर."

"मी उरन्याचं नाय विचारलं. येनार का?"

"येणार."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सरांना द्यायच्या पत्राचा मसुदा बाबांना वाचून दाखवला. नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे 'कृपया विचार व्हावा' काढ. विचार त्यांचा झालेला आहे. तारीख टाक."

काढलं. तारीख टाकली.

आई आतून: "आणि नोकरी गेली तर?"

बाबा: "मग दुसरी बघेल. हात-पाय आहेत."

आई पोळी आपटून लाटत राहिली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ११.२० ला दिलं. छापील प्रत आवक विभागात, पोच घेतली. तीच मेलने. नक्कल इथे.

"पाटणकर सर यांस,

अहवालाच्या मसुद्यातील पान ३१ वर माझे चार फोटो व माझे नाव आहे. फोटो २२ एप्रिलचे आहेत. ते खरे आहेत. त्यांखालचे वाक्य मी लिहिलेले नाही, आणि सोबतच्या पानांनुसार ते चूक आहे.

माझी मागणी अशी. एप्रिलचे फोटो राहू द्यावेत, त्यांखाली तारीख द्यावी. त्याच चार बिंदूंवरून जून ते नोव्हेंबर घेतलेले फोटो त्यांच्यासोबत, त्याच आकारात द्यावेत. 'ओसाड' आणि 'नोंद घेण्याजोगी वनस्पती आढळली नाही' हे शब्द काढावेत. नावांची यादी दोन्ही रकान्यांसह जोडावी. आज आणखी एक फोटो जोडला आहे: २३ नोव्हेंबर, बिंदू १, जमिनीखाली एक वीत.

हे शक्य नसेल तर पान ३१ वरून माझे नाव आणि माझे चार फोटो, दोन्ही काढावेत. एक ठेवून दुसरे नाही. तशा वेळी जून ते नोव्हेंबरचे फोटो मी माझ्या नावाने, या प्रकल्पावर हरकती मागवल्या जातील तेव्हा, दाखल करीन. ते माझ्या कॅमेऱ्याने, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आपण स्वतः सांगितल्यावरून आणि आपल्याच परवानगीपत्राच्या मुदतीत घेतले आहेत.

शेवटचे सहा फोटो मी परत घेत आहे. ते कॅलेंडरसाठी अथवा माहितीपत्रकासाठी वापरण्यास माझी संमती नाही.

अहवाल १५ डिसेंबरला जाणार आहे. दुरुस्तीला वेळ लागेल हे धरून, आपले उत्तर, होकार असो वा नकार, सोमवार ८ डिसेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी द्यावे.

मृणाल शितोळे"